उंचीवर चालणारी आगगाडी

अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी मेळघाटात शिरली, की धूळघाट आणि वान रोड या स्थानकांच्या मध्ये एक नवल घडायचं. रूळ डोंगराला मोठा वेढा घालतात आणि पुलावरून स्वतःलाच ओलांडून जातात. चढणाऱ्या गाडीच्या खिडकीतून पोरांना खाली रूळ दिसायचे, आणि ते दुसऱ्या कुठल्या मार्गाचे नसायचे. आत्ता ज्यांवरून आलो, तेच ते!

ही गाडी 2017 पासून बंद आहे. पण उंचीचा जो हिशेब त्या वेढ्यात मांडलाय, तोच उलटा मांडून एक गाडी आजही मुलांना आनंदानं किंचाळायला लावते. खोपोलीजवळच्या इमॅजिका या 2013 साली सुरू झालेल्या उद्यानात ‘गोल्ड रश एक्स्प्रेस’ नावाची रोलर कोस्टर आहे. सोन्याच्या खाणीतली गाडी असावी अशी सजवलेली, घरच्या सगळ्यांनी मिळून बसावं अशी. जगभर अशा गाड्यांना ‘माइन ट्रेन’ म्हणतात. पुढच्या डब्याला इंजिनाचं रूप दिलं असलं, तरी तो गाडी ओढत नाही. मग ती धावते कशाच्या जोरावर?

उत्तर वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. कापसानं भरलेली बंडी उताराला लागली, की बैलांना ओढावं लागत नाही. उलट बंडीच त्यांच्या अंगावर येते आणि तिला आवरता आवरता त्यांची दमछाक होते. चढताना खर्ची पडलेलं बळ वाया गेलेलं नसतं. ते उंचीत साठून राहिलेलं असतं.

कोस्टरही आधी हेच बळ साठवते. कुठे साखळी, कुठे रबरी चाकं तिला उंचावर नेतात. साखळीच्या चढावर कट्-कट्-कट् असा आवाज येतो. ऐकताना छाती धडधडते, पण तो आवाज धीर देणारा आहे. डब्याखालची लोखंडी खिटी रुळांमधल्या दातेरी पट्टीचा एकेक दात ओलांडत असते. साखळी तुटलीच, तरी खिटी मागच्या दातात अडकते आणि गाडी घसरत नाही.

माथा ओलांडला की साठवलेलं बळ मोकळं होतं. घर्षण सोडून दिलं, तर 10 मीटर खाली येताना ताशी सुमारे 50 किलोमीटरचा वेग मिळतो. डब्यात चिमुरडी पोर बसो की तिचे धिप्पाड काका, हिशेब बदलत नाही. मात्र वारा आणि घर्षण वाटेत आपला वाटा घेतातच. म्हणून एकाच चढावर चालणाऱ्या गाडीची पुढची कोणतीही टेकडी पहिल्या माथ्याइतकी उंच ठेवता येत नाही.

आता डब्याखाली वाकून बघा. एक चाक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक चक्क रुळाच्या खाली. तिन्ही चाकांनी नळीसारखा रूळ मुठीत धरल्यासारखा धरलेला असतो. माथ्यावर पोटात गोळा येतो, अंग आसनावरून उचललं जाईल असं वाटतं, तेव्हा खालचं चाक डब्याला रूळ सोडू देत नाही.

माइन ट्रेनचं खरं कसब मात्र वेगळंच आहे. ती फार उंच जात नाही, फार वेगही घेत नाही, तरी भन्नाट पळाल्यासारखी वाटते. एसटीच्या खिडकीतून जवळच्या बाभळी पळताना दिसतात, लांबचा डोंगर मात्र सोबत चालतो. माइन ट्रेन वळणावळणानं खडकांच्या, लाकडी खांबांच्या अगदी जवळून जाते, अंधाऱ्या बोगद्यात शिरते. सगळ्या बाभळीच, डोंगर दिसूच द्यायचा नाही! म्हणून लहानग्यांना न झेपणारा वेग न देताही थरार देता येतो.

खाणीचा देखावाही उगाच नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथे 1827 साली कोळसा वाहणारा रूळमार्ग सुरू झाला. भरलेल्या गाड्या उतारावरून आपोआप खाली यायच्या, रिकाम्या गाड्या खेचरं वर ओढून न्यायची. आणि खाली येताना तीच खेचरं गाडीत बसून यायची! पुढे या मार्गावर लोक हौसेनं फेरी मारू लागले. मग 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसननं निव्वळ मजेसाठी तशी गाडी उभारली. तिचा वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर होता, तरी लोक तिच्यावर तुटून पडले.

धूळघाटात हाच हिशेब उलटा आहे. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड बेताचीच. शंभर मीटर चालीत दोन-तीन मीटरांहून जास्त चढ साध्या रेल्वेला जड जातो. म्हणून अभियंत्यांनी वाट लांबवली, डोंगराभोवती गुंडाळली आणि इंजिनाला थोडी थोडी उंची कमवू दिली. तिथे घामाचा एकेक थेंब टाकून उंची जमवायची. खोपोलीत ती हसत-ओरडत उधळून टाकायची.

फेरी संपते, ब्रेक लागतो, गाडी थांबते. माथ्यावर जमवलेली सगळी उंची आता कुठे गेली? ती ब्रेकच्या, चाकांच्या, रुळांच्या उबेत आहे. काहीच हरवलेलं नाही. बंडीचा बैल, धूळघाटचं इंजिन आणि कोस्टरची साखळी या तिघांनाही सृष्टीचा एकच नियम: आधी चढा, मग मिळेल.