धुक्यात कुरव टिपताना

आज आक्षीच्या किनाऱ्यावर दाट धुकं होतं. कुरवांचा गलका ऐकू येत होता, थवा मात्र दिसेना.

अशा दिवशी भरतीची वेळ बघून जावं. पाणी चढू लागलं की चिखले, तुतवार आपसूक किनाऱ्याकडे सरकतात. मागे धावू नका, बसून राहा. अंतर कमी झालं की मधलं धुकंही कमी होतं.

धुक्याच्या पांढरेपणाने कॅमेरा फसतो, फोटो करडा येतो. एक्स्पोजर +०.७ ते +१ ठेवा.

तपकिरी आणि काळ्या डोक्याचे कुरव हिवाळ्यात दोघेही पांढऱ्या डोक्याचे! डोळ्यामागे फक्त गडद ठिपका उरतो. प्रौढ पक्ष्याचं बुबुळ बघा: फिकट असेल तर तपकिरी डोक्याचा, गडद असेल तर काळ्या डोक्याचा.

ओळख पटत नसेल तर बिनधास्त विचारा.