एका सामन्याचे सर

रमाकांत विठ्ठल आचरेकर. प्रथम श्रेणीचे सामने : १.

क्रिकेटच्या दप्तरात सरांच्या खेळाची एवढीच नोंद आहे. हंगाम १९६३-६४, स्पर्धा मोईन-उद-दौला गोल्ड कप, संघ स्टेट बँकेचा, समोर हैदराबाद. त्या काळी या स्पर्धेचे सामने प्रथम श्रेणीत धरले जात, पुढे तो दर्जा गेला. सर थोडे उशिरा खेळायला गेले असते, तर ही एक ओळही उरली नसती.

अमेरिकेतले बेसबॉलवेडे अशीच एक ओळ जपून आहेत. आर्चिबाल्ड ग्रॅहम, २९ जून १९०५, न्यूयॉर्क जायंट्स. सामना संपत आला असताना तो मैदानाच्या उजव्या बाजूला क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. बॅट हातात घ्यायची पाळी आलीच नाही आणि मोठ्या लीगमधला त्याचा खेळ तिथेच थांबला. मग तो डॉक्टर झाला आणि मिनेसोटातल्या चिझम या खाणगावात त्याने शाळकरी मुलांची प्रकृती सांभाळण्यात आयुष्य घालवलं.

आपल्या दादरकरांना ही गोष्ट ऐकताना सर आठवणारच. मालवणात १९३२ साली जन्मलेला हा माणूस बँकेतली नोकरी सांभाळून शिवाजी पार्कात कामत मेमोरियल क्लबची पोरं घडवत होता. त्यांच्या शिकवण्यात नेटपेक्षा सामन्याला मान होता. सचिन तेंडुलकर उन्हाळी सुट्टीच्या ६० दिवसांत ५५ सराव सामने खेळला. एक सामना संपला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवत आणि दुसऱ्या मैदानावर नेऊन उतरवत. स्वतःच्या वाट्याला एकच मोठा सामना आलेल्या माणसाने पोरांना सामन्यांची ददात पडू दिली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि ते नाणं! दिवसभर खेळून पोरगा दमला की सर स्टंपवर एक रुपया ठेवत. बाद करील त्या गोलंदाजाचा रुपया, नाबाद राहिला तर सचिनचा. पाय जड झालेले, उजेड कमी होत चाललेला, आजूबाजूला सगळी पोरं झेल टिपायला टपलेली. अशी जिंकलेली १३ नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. रुपयाला तेव्हाही फार काही येत नव्हतं. पण थकल्यावर विकेट कशी राखायची, हे त्या पोराला त्या रुपयाने शिकवलं.

सरांच्या शिष्यांतही छोट्या कारकिर्दी कमी नाहीत. प्रवीण आमरेंनी १९९२ मध्ये दरबानला पदार्पणातच शतक ठोकलं, तरी कसोट्या मिळाल्या ११. चंद्रकांत पंडितांना ५. पण पंडितांनी प्रशिक्षक म्हणून विदर्भाला लागोपाठ दोनदा आणि २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळवून दिला. अमोल मुजुमदारला तर एकही कसोटी नाही. १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमाकडून सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हा पॅड बांधून बसला होता. पाळी आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताच्या संघाचं दार उघडलं नाही. ते उघडलं प्रशिक्षक म्हणून. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा त्यांचा सर होता अमोल.

सर २ जानेवारी २०१९ ला गेले. ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, पार्काच्या पाच नंबरच्या गेटजवळ त्यांचं स्मारक उभं राहिलं. सकाळी तिथून जाताना किटची बॅग ओढत येणारी पोरं दिसतात. एखादा क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि पळत सुटतो, कारण आत टॉस झालेला असतो.