नर्सिंग होममधून घरी

जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र आणि जुन्या घराचं थकलेलं वीजबिल. अमेरिकेत नर्सिंग होममधून, म्हणजे दीर्घकाळ शुश्रूषा देणाऱ्या निवासी संस्थेतून, स्वतःच्या घरी परतू पाहणाऱ्या माणसाकडे ट्रान्झिशन कोऑर्डिनेटर (ही परतणी जुळवून देणारी समन्वयक) पहिली चौकशी करते ती बहुधा याच गोष्टींची. आजाराची फाईल नंतर उघडते. कागद हरवलेले असतात, आणि ओळखपत्राशिवाय घरमालक भाडेकराराला हात लावत नाही. जुनी थकबाकी असली की नव्या वीजजोडणीचं काम तिथंच अडतं.

हे घरी परतणं हा हक्क ठरला तो दोन स्त्रियांमुळे. जॉर्जिया राज्यातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन यांच्यावर संस्थेबाहेर उपचार होऊ शकतात, असं डॉक्टर सांगत होते. तरी त्यांना मनोरुग्णालयातच ठेवलं होतं. 22 जून 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'ओल्मस्टेड' खटल्यात निकाल दिला, की अपंग व्यक्तीला विनाकारण संस्थेत अडकवून ठेवणं हा भेदभाव आहे. पुढे 2005 च्या कायद्यानं 'मनी फॉलोज द पर्सन' हा कार्यक्रम सुरू झाला आणि मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेचा, पैसा माणसामागून घरी जाऊ लागला. आधी सहा महिने संस्थेत काढलेल्यांनाच तो मिळे. आता 60 दिवस पुरतात. एक लाखाहून अधिक माणसं या वाटेनं बाहेर पडली आहेत.

खरी अडचण घराची. मेडिकेडवर नर्सिंग होममध्ये राहणाऱ्याचं बहुतेक उत्पन्न तिथल्या खर्चातच जातं. हातखर्चाला उरणारी किमान रक्कम केंद्रीय नियमानं महिना 30 डॉलर. 1988 पासून ती तेवढीच आहे. बहुतेक राज्यं तीत भर घालतात, एवढंच. या पैशांत अनामत रक्कम साठायची कशी? मुक्काम लांबला की आधीचं भाड्याचं घरही सुटतं. मेडिकेड अनामत, भांडीकुंडी, पलंग असा एकदाचा खर्च उचलू शकतं, दरमहाचं भाडं मात्र सहसा देत नाही. म्हणून सरकारी भाडेसाहाय्याच्या लांब रांगा, आणि तळमजल्यावरच्या, व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद दाराच्या घराचा शोध. माणूस बरा होऊनही केवळ पत्त्याअभावी तिथं पडून राहतो, हे या व्यवस्थेचं सर्वांत मोठं अपयश आहे.

घर मिळालं की दिवस ठरवायचा. अनुभवी समन्वयक शुक्रवार टाळतात. शनिवार-रविवारी काही बिघडलं तर फोन उचलायला कुणी नसतं. माणूस पोचण्याआधी पलंग पोचायला हवा, इन्सुलिनसाठी फ्रिज चालू हवा, औषधं घरात हवीत आणि मदतनीस बाईची पहिली पाळी त्याच संध्याकाळी सुरू व्हायला हवी. यातलं एक जरी चुकलं तरी पुन्हा हॉस्पिटल गाठावं लागू शकतं. कार्यक्रमाचं पाठबळ त्यानंतर 365 दिवस राहतं.

अमेरिकेत ज्या मराठी कुटुंबांतलं कुणी मेडिकेडवर नर्सिंग होममध्ये आहे, त्यांनी एक करावं. तिथल्या ठरावीक मूल्यमापनात 'क्यू' नावाचा विभाग असतो. बाहेर राहायला जाण्याबद्दल कुणाशी बोलायचं आहे का, हे त्यात विचारलेलं असतं. आईचं, वडिलांचं उत्तर काय नोंदवलंय, ते बघा. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषी मागा, आणि प्रश्न त्यांनाच विचारायला लावा.