अवघड काळातील लांब पल्ला

व्यापारी कुटुंबावर संकट येते, तेव्हा त्याची वार्ता पुष्कळदा घरातील माणसांनाच सर्वांत शेवटी कळते. उधारी अडकते, मालाचे भाव पडतात, भागीदारी तुटते. परंतु दुकान रोजच्या वेळी उघडते आणि गादीवर बसलेला माणूस गिऱ्हाइकाशी हसूनच बोलतो. पत हेच ज्याचे भांडवल, त्याला आपली विवंचना उघड करणे परवडत नाही. बँकेतील सेवेच्या काळात हे मी अनेकदा जवळून पाहिले. खात्यातील उलाढाल मंदावण्यापूर्वी माणूसच मंदावलेला दिसत असे. मोंढ्यातील त्याचे येणे-जाणे कमी होई, बोलणे तुटक होई, चेहऱ्यावर जागरणाच्या खुणा दिसत. आर्थिक अडचणीसाठी हप्त्यांना मुदतवाढ देता येई. खचलेल्या मनाला मुदतवाढ देणारा अर्ज मात्र आमच्या कोणत्याही कपाटात नव्हता.

पैशाच्या संकटाहून वेगळी अशी आणखीही दुःखे असतात. जोडीदाराचा वियोग, तरुण मुलाचे जाणे, दीर्घ आजारपण, मुलीच्या संसारातील अपयश. अशा वेळी नातलग येतात, धीर देतात आणि बाराव्या-तेराव्या दिवसानंतर आपापल्या गावी परततात. खरा कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. दिवस उगवतो, मावळतो आणि त्यात करण्याजोगे काही उरलेले नाही असे वाटू लागते. अशा काळात लांब पल्ल्याचे धावणे अनेकांच्या उपयोगी पडले आहे. धावण्याने गेलेले माणूस परत येत नाही की बुडालेली रक्कम वसूल होत नाही. मग त्याने नेमके काय साधते, याचा शोध काही खऱ्या उदाहरणांच्या आधारे घेऊ.

बारामतीची शर्यत

महाराष्ट्रात या विषयाचा उल्लेख निघाला की पहिले नाव आठवते ते लता भगवान करे यांचे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील हे दांपत्य कामाच्या शोधात बारामती परिसरात येऊन राहिले. शेतमजुरी हीच उपजीविका. मुलींच्या विवाहात साठवलेले सर्व काही खर्ची पडलेले. अशात पती आजारी पडले आणि डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. त्यासाठी लागणारी पाच हजारांची रक्कमही घरात नव्हती. 2014 मध्ये बारामतीत ज्येष्ठ नागरिकांसाठी 3 किलोमीटरची शर्यत होती आणि पहिले बक्षीस पाच हजार रुपयांचे होते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी साडीत, अनवाणी पायांनी त्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. पुढील वर्षीही त्यांनी ही शर्यत जिंकली. त्यांच्या जीवनावर 2020 साली चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

ही कथा पुष्कळदा चमत्कार म्हणून सांगितली जाते. तिच्यात चमत्कार कमी आणि व्यवहार अधिक आहे. आयुष्यभर शेतात राबलेल्या, मैलोन्‌मैल चाललेल्या पायांची ताकद हीच या बाईंची एकमेव शिल्लक होती आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्यांनी ती बाहेर काढली. कोणापुढे हात पसरण्याऐवजी पाय उचलणे त्यांना अधिक सोपे वाटले. करोनाच्या साथीत 2021 मध्ये त्यांच्या पतीचे निधन झाले. शर्यतीने मृत्यू टळला नाही. परंतु पतीसाठी जे शक्य होते ते सर्व आपण केले, हे समाधान त्यांच्या पदरी राहिले. शोकात असलेल्या माणसाला या समाधानाचे मोल पुरते ठाऊक असते.

आपल्या मराठवाड्याची वाट

आपल्या मराठवाड्यात धावणे ही हौस म्हणून फारशी रुजली नाही. येथे ती प्रतिकूलतेतून वाढली. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे आईवडील वीटभट्टीवर काम करीत. शाळा सहा किलोमीटर दूर. ते अंतर कधी चालत, कधी धावत कापावे लागे. बारावीनंतर ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनच्या हिमप्रदेशात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्यांनी सेवा बजावली आणि 2015 नंतर ते गांभीर्याने स्पर्धांकडे वळले. 2020 साली दिल्लीत त्यांनी 21 किलोमीटरहून थोड्या अधिक अंतराची अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. या शर्यतीत केनियाच्या धावपटूंची अनेक वर्षे मक्तेदारी होती. स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरील उडी असते. अडथळा आला म्हणून तेथे कोणी थांबत नाही. तो येणारच हे गृहीत धरून पावलांचा हिशेब आधीच मांडलेला असतो.

परभणीकरांना याहून जवळचे नाव ज्योती गवते यांचे. 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या. 42.195 किलोमीटरचे अंतर त्यांनी 2 तास 50 मिनिटे 53 सेकंदांत पार केले. पुढील वर्षांत सुधा सिंह यांच्यामागे त्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, तरी 2019 मध्ये त्यांची वेळ 2 तास 45 मिनिटांच्या घरात आली. म्हणजे क्रमांक घसरला आणि कामगिरी सुधारली. बाजारातील माणसाला हा भेद लवकर कळतो. एखाद्या वर्षी शेजारच्या पेढीचा धंदा आपल्याहून मोठा होतो, म्हणून आपली मेहनत वाया गेली असे होत नाही. लांब पल्ल्याचा धावपटू मुख्यतः आपल्या कालच्या वेळेशी स्पर्धा करतो. संकटात सापडलेल्या माणसाला इतरांशी होणारी तुलना सर्वाधिक जाळते आणि तिच्यापासून काही काळ तरी येथे सुटका मिळते.

शोकातून उठलेला माणूस

वरील उदाहरणे गरिबीशी झुंजणाऱ्यांची. परंतु पोटापाण्याची चिंता नसताना केवळ दुःखातून धावणाऱ्याचे उदाहरण हवे असेल, तर सरदार फौजा सिंग यांच्याकडे पाहावे. जालंधरजवळच्या ब्यास पिंड या गावचे हे शेतकरी. 1992 मध्ये पत्नी गेली आणि 1994 मध्ये बांधकामाच्या ठिकाणी झालेल्या अपघातात मुलगा कुलदीप गेला. याच सुमारास ते दुसऱ्या मुलाकडे लंडनला राहावयास गेले. परका देश, परकी भाषा आणि मनात मुलाचा मृत्यू. त्या काळात ते धावू लागले. 2000 साली, वयाच्या 89 व्या वर्षी त्यांनी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. 2011 मध्ये, शंभरी गाठल्यावर, टोरांटोची पूर्ण मॅरेथॉन त्यांनी सुमारे सव्वाआठ तासांत पार केली. 2013 मध्ये हाँगकाँगच्या 10 किलोमीटर शर्यतीनंतर त्यांनी स्पर्धेतून निवृत्ती घेतली. जुलै 2025 मध्ये आपल्याच गावी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. ते आयुष्यभर शाकाहारी होते, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण धावण्यासाठी मांसाहार लागतो, ही समजूत आपल्या तरुणांच्या कानांवर वारंवार पडते.

फौजा सिंग यांना धावण्याने मुलाचा विसर पडला असे समजण्याचे कारण नाही. ज्या दिवसांना काहीच आकार उरला नव्हता, त्यांना एक आकार मिळाला. पहाटे उठणे, बूट बांधणे, ठराविक अंतर कापणे, भूक लागणे, रात्री शरीर थकून झोप येणे. दुःख होते तेथेच राहिले. ते वाहणारा माणूस मात्र सशक्त झाला.

वैद्यकशास्त्र काय सांगते

हा केवळ भावनेचा विषय नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 1999 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 156 जणांचे त्यांनी तीन गट केले. एकाला औषध दिले, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा भरभर चालण्याचा वा संथ धावण्याचा व्यायाम दिला आणि तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. सुरुवातीचा गुण मात्र औषधाने लवकर आला. 2023 मध्ये ॲमस्टरडॅम येथील 141 रुग्णांचा अभ्यास पुढे आला. त्यातही गोळ्या घेणाऱ्या आणि धावणाऱ्या अशा दोन्ही गटांत सुमारे 44 टक्के लोक बरे झाले. शिवाय धावणाऱ्यांचे वजन, कंबर, रक्तदाब यांतही सुधारणा दिसली.

याच अभ्यासातील आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. गोळ्यांचा क्रम 82 टक्के रुग्णांनी पाळला. धावण्याचा क्रम अवघ्या 52 टक्क्यांनी. आवर्ती ठेवीचेही असेच असते. खाते उत्साहाने उघडणारे पुष्कळ, शेवटचा हप्ता भरणारे थोडे. आणि लाभ मिळतो तो टिकून राहणाऱ्यालाच.

लांब अंतर धावल्यावर मनाला जी प्रसन्नता येते, तिचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिन या द्रव्याला दिले जाई. शरीर स्वतःच निर्माण करीत असलेल्या एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या द्रव्यांचा त्यात मोठा वाटा असावा, असे अलीकडील संशोधन सुचवते. झोप सुधारते, हेही कमी महत्त्वाचे नाही. चिंताग्रस्त माणसाचे निम्मे नुकसान रात्रीच होते. पहाटे तीन वाजता जागे राहून घेतलेले व्यवहाराचे निर्णय क्वचितच शहाणपणाचे ठरतात.

सुरुवात कशी करावी

आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस गादीवर किंवा गल्ल्यामागे बसून जातो. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांकडची. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी तपासणी करून घेतल्याशिवाय धावू नये. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास पुरेसा आहे. एक मिनिट संथ धावावे, दोन मिनिटे चालावे. काही आठवड्यांनी धावण्याचा वेळ वाढवत न्यावा. सोबत्याशी सलग वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. धाप लागून बोलणे तुटले, तर वेग जास्त आहे असे समजावे.

परभणीचा उन्हाळा कोणालाही सवलत देत नाही. मार्चपासून जूनपर्यंत सूर्योदयापूर्वीच धावणे आटोपावे. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट बुटाला चिकटते आणि पाय घसरतो. तेव्हा क्रीडा संकुलाचे मैदान किंवा कमी रहदारीचा डांबरी रस्ता बरा. आपल्याकडे सूर्यास्तानंतर पाणी न घेणारी आणि सकाळी नवकारसीनंतरच पाणी घेणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी पुरेसे पाणी प्यावे, सकाळी अंतर थोडे ठेवावे आणि मोठा पल्ला हिवाळ्यात, पाणी घेता येईल अशा वेळी गाठावा. उपवास किंवा एकासण्याच्या दिवशी हलके चालणेच योग्य.

शक्य असल्यास एकट्याने धावू नये. चार-सहा जणांनी ठराविक वेळी ठराविक ठिकाणी जमावे. सांत्वनाला आलेल्या माणसासमोर बसून बोलणे जड जाते. शेजारी-शेजारी धावताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि मनातले सहज बाहेर येते. एखाद्या दिवशी कोणी आला नाही, तर त्याच्या घरी फोन जातो. खचलेल्या माणसाची दखल घेणारी ही साधी व्यवस्था आहे. घरातील स्त्रियांनाही तिच्यात सामावून घेतले पाहिजे. वियोगानंतर पुरुष निदान दुकानापर्यंत तरी जातो. स्त्री मात्र कित्येक महिने उंबऱ्याच्या आत राहते. नऊवारी नेसून धावलेल्या लताबाईंनंतर पोशाखाची वा वयाची सबब सांगण्यास जागा उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. धावणे हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. ज्याची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरपली आहे, ज्याच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा येतो, त्याला मैदानावर नेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. ज्यांना औषध चालू आहे, त्यांनी ते स्वतःच्या मनाने बंद करू नये.

संकटातील माणसाच्या हातून अनेक गोष्टी निसटलेल्या असतात. बाजारभाव त्याच्या हाती नसतो, न्यायालयाची तारीख हाती नसते, मृत्यू तर कोणाच्याच हाती नसतो. सकाळचे तीन किलोमीटर मात्र त्याच्या हाती असतात. ते पूर्ण झाले, की दिवसाच्या खात्यात निदान एक रक्कम जमेच्या बाजूला पडलेली असते. तेवढ्या आधारावर माणूस दुकानाचे कुलूप उघडतो, देणेकऱ्याला सामोरा जातो, मुलाला शाळेत सोडतो. ज्यांच्या घरी, शेजारी वा बाजारपेठेत असा कोणी शांत झालेला माणूस असेल, त्यांनी त्याला उपदेश करण्याऐवजी उद्या पहाटे त्याच्या दारात उभे राहावे आणि सोबत चार पावले चलण्याचा आग्रह करावा.