युद्ध कुठवर आले?

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या पायऱ्यांवर चार माणसे घटकाभर रेंगाळतात. पाऊसपाणी, बियाण्याचा भाव, कुणाच्या मुलीची सोयरीक, असे बोलणे निघते. २०२२ सालापासून त्यात एका प्रश्नाची भर पडली. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ आम्हांस हटकून विचारू लागले, "काय हो, ते रशिया-युक्रेनचे युद्ध कुठवर आले?" आम्ही रोज वर्तमानपत्र वाचतो, एवढीच काय ती आमची योग्यता.

आरंभी उत्तर देणे सोपे होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा उत्तरेकडून, पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून युक्रेनमध्ये घुसल्या. राजधानी कीव आठवड्याभरात पडणार असे मोठमोठे जाणते म्हणत होते. ती पडली नाही. एप्रिलच्या आरंभी रशियन सैन्य कीवच्या परिसरातून माघारी गेले आणि बुचा या गावाच्या रस्त्यांवर पडलेली प्रेते जगाने पाहिली. समुद्रकाठचे मारिउपोल शहर मे महिन्यात रशियाच्या हाती गेले. सप्टेंबरात युक्रेनने खारकिवकडचा मोठा मुलूख परत घेतला, नोव्हेंबरात खेरसोन शहर सोडविले. नकाशावर बोट फिरवून हे सारे दाखविता येत होते.

पुढे मात्र बोट एका जागी थबकले. बाखमुत नावाच्या, सत्तर हजार वस्तीच्या शहरासाठी कित्येक महिने झुंज चालली. मे २०२३ मध्ये ते रशियाने घेतले, तेव्हा घेण्याजोगे तेथे फारसे काही शिल्लक नव्हते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात युक्रेनची चढाई सुरुंगांच्या पट्ट्यांत अडकून पडली. देशाचा सुमारे पाचवा हिस्सा रशियाच्या ताब्यात राहिला आणि आघाडी एकेका खेड्याने पुढेमागे होऊ लागली.

याचे मोठे कारण ड्रोन. हे वैमानिकावाचून उडणारे लहानसे यंत्र. पुष्कळदा त्याची किंमत एखाद्या जुन्या मोटारसायकलीहूनही कमी असते. दूर तळघरात बसलेला शिपाई डोळ्यांवर चष्मा चढवून त्याच्या डोळ्याने पाहतो आणि ते थेट माणसावर नेऊन आदळतो. बिनतारी संदेश अडविता येतो असे ध्यानात येताच दोन्ही पक्षांनी त्यास केसासारखी बारीक काचेची तार जोडली. काही किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात मग दिवसाउजेडी हिंडणे म्हणजे मरण झाले. खेरसोनमध्ये तर सायकलीवरून जाणाऱ्या, बसची वाट पाहणाऱ्या नागरिकांस असे टिपले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळाने मे २०२५ मध्ये यास मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले.

अशा युद्धात "दोन खेडी घेतली" या बातमीवरून काय उमजावे? शत्रूची इतकी माणसे मारली, असे दोन्ही बाजू सांगतात. त्या आकड्यांवर आम्ही भरवसा ठेवीत नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या खुणा पाहू लागलो, ज्या शेतकऱ्याच्या घरात लवकर कळतात.

पहिली खूण मिठाची. बाखमुतजवळ सोलेदार हे गाव आहे. त्याच्या पोटात सैंधवाच्या प्रचंड खाणी. युक्रेनच्या घराघरांतील मीठ बहुतांशी तेथलेच. २०२२ च्या वसंतात तोफा जवळ आल्या, खाणी बंद पडल्या, आणि आघाडीपासून शेकडो कोस दूर असलेल्या दुकानांतूनही मीठ नाहीसे झाले. त्याच सुमारास आमच्याकडे सूर्यफुलाच्या तेलाचा डबा एकाएकी महागला, हे गृहिणींस आठवत असेल. हिंदुस्थानात येणारे हे तेल युद्धापूर्वी मुख्यतः युक्रेनमधून येत असे.

दुसरी खूण जमिनीची. युक्रेनची माती काळी आहे, पण ती आमच्या काळ्या रानाची बहीण नव्हे. आमची माती लाव्हाच्या खडकापासून झाली. तिकडची, सपाट माळावरचे गवत हजारो वर्षे कुजून झाली. अशा सोन्यासारख्या भुईत सुरुंग पेरले गेले. आरंभी १ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर मुलूख संशयित धरला होता, म्हणजे गोव्यासारखे सत्तेचाळीस प्रदेश. पाहणी होत गेली तसा हा आकडा उतरला, तरी तो अफाटच राहिला. खारकिवकडच्या एका शेतकऱ्याने सरकारी पथकाची वाट न पाहता आपल्या जुन्या ट्रॅक्टरला लोखंडी पत्रे ठोकले आणि चालकावाचून, दुरून हुकूम देऊन तो शेतात फिरविला. सुरुंग फुटला तर ट्रॅक्टर जाईल, माणूस वाचेल, असा त्याचा हिशेब. काही सुरुंग तळहाताएवढे, प्लास्टिकचे, पाकळीच्या आकाराचे असतात. लहान मूल ते उचलते.

तिसरी खूण पाण्याची. नीपर नदीवरील काखोवका धरण ६ जून २०२३ च्या पहाटे फुटले. ते तेव्हा रशियन सैन्याच्या ताब्यात होते. आपण ते फोडले नाही असे रशियाने म्हटले. खालची गावे बुडाली ही बातमी सर्वांनी वाचली. वरच्या अंगाचा जलाशय, दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांचा, काही दिवसांत रिता झाला, ही बातमी मागे पडली. कालव्यांवर काही लाख हेक्टर शेती होती. टरबूज, टोमॅटो, भाजीपाला पिकविणाऱ्यांचे कालवे कोरडे पडले. निकोपोलसारख्या शहरांचे नळ आटले. त्या उघड्या तळावर पुढे विलोची झाडे आपोआप दाट उगवली. ते वन राखावे की धरण पुन्हा बांधावे, यावर तेथील विद्वानांत वाद सुरू झाला. पाणी गेलेल्या शेतकऱ्यास हा वाद कसा वाटत असेल, हे आम्ही समजू शकतो.

शेवटची खूण माणसांची, आणि हीच आम्हांस अधिक सलते. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ च्या मध्यापर्यंत तेरा हजारांहून अधिक नागरिकांच्या मृत्यूची खातरजमा केली होती. खरी संख्या याहून मोठी, असे तेच म्हणतात. पन्नास लाखांवर लोक देशाबाहेर गेले. रशियाच्या बेल्गोरोदमध्येही बाँब पडून सामान्य माणसे मेली, हे लपवू नये. चढाई कोणी केली हे त्यामुळे बदलत नाही.

मेलेल्यांची गणती तरी होते, हरवलेल्यांचे काय? बेर्द्यान्स्क येथील दोन ग्रीक कॅथोलिक धर्मगुरू, फादर इव्हान लेवित्स्की आणि फादर बोहदान गेलेता, नोव्हेंबर २०२२ मध्ये पकडले गेले. शहर रशियाने घेतल्यावरही त्यांनी आपले लोक सोडले नव्हते. पुढे दीड वर्षाहून अधिक काळ ते कैदेत होते. व्हॅटिकनच्या मध्यस्थीने २८ जून २०२४ रोजी ते सुटले. पोप फ्रान्सिस यांनी नेमलेले कार्डिनल झुप्पी २०२३ मध्ये कीवला आणि मॉस्कोलाही गेले. तह काही झाला नाही, परंतु कैद्यांच्या आणि रशियात नेलेल्या मुलांच्या नावांच्या याद्या इकडून तिकडे पोचू लागल्या. आम्हांस हे काम लहान वाटत नाही.

हरवलेल्यांत आपलीही माणसे होती, हे पायऱ्यांवरच्या मंडळींस ठाऊक नव्हते. परदेशात चांगली नोकरी, स्वयंपाक्याचे किंवा मदतनिसाचे काम, असे सांगून दलालांनी हिंदुस्थानातील काही तरुणांस रशियात नेले आणि तेथे त्यांच्या अंगावर लष्करी गणवेश चढला. आपल्या परराष्ट्र खात्याने जानेवारी २०२५ मध्ये असे १२६ जण असल्याचे सांगितले. तोवर ९६ परतले होते, १२ मरण पावले होते आणि १६ जणांचा ठावठिकाणा लागत नव्हता. ज्या गावांतून प्रत्येक घरचा एक मुलगा जहाजावर वा आखातात आहे, तेथे हे मोठ्याने वाचून दाखविण्यासारखे आहे. करारपत्र कोणत्या भाषेत आहे आणि त्यात काय लिहिले आहे, हे सही करण्यापूर्वी कुणा जाणत्यास विचारावे; धर्मगुरूंकडे नेले तरी चालेल.

मे २०२५ मध्ये इस्तंबूलच्या बोलण्यांनंतर दोन्ही बाजूंनी तीन दिवसांत एकेक हजार माणसे सोडली. युक्रेनचे सुटलेले कैदी बसगाड्यांतून चेर्निहिवकडे आणले गेले. डोकी भादरलेली, गाल बसलेले, खांद्यावर देशाचे निशाण. गाड्या थांबल्या तेथे बायकांची दाटी होती. त्यांतील पुष्कळ जणींचे कुणीच त्या गाड्यांत नव्हते. हातांत मुलाचे, नवऱ्याचे, भावाचे छायाचित्र उंच धरून त्या उतरणाऱ्या प्रत्येकास विचारीत होत्या, "याला पाहिलेत का? कुठल्या कोठडीत होता?" कुणी थांबून छायाचित्र निरखी, मान हलवी आणि पुढे जाई. मग ती बाई पुढच्या गाडीकडे वळे.