सर्व्हरसमूहांची जोडणी आणि ओळखीचा प्रश्न

ठाणे जिल्ह्यातील ऐरोली, रबाळे आणि महापे या एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या औद्योगिक पट्ट्यात आता मोठी डेटा सेंटर्स उभी असून, कल्याण-डोंबिवलीतील नागरिक मोबाइलवरून वापरतो त्या अनेक सेवा अशाच केंद्रांतील सर्व्हरवर चालतात. एकाच व्यवस्थेखाली काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटास क्लस्टर म्हणतात. असे गट सांभाळण्यासाठी गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेली कुबरनेटीस ही प्रणाली आज सर्वत्र रूढ आहे.

एकच क्लस्टर पुरेसा नसतो, हे समजण्यासाठी १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस आठवावा. कळवा-पडघा या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरील बिघाडांनंतर त्या दिवशी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली. जनित्रे काही काळ भार उचलतात, परंतु ऐरोली आणि महापे एकाच वीजजाळ्यावर अवलंबून असल्यामुळे दुसरा क्लस्टर चेन्नई किंवा हैदराबादसारख्या दूरच्या शहरात ठेवणेच शहाणपणाचे ठरते. अंतराची किंमतही मोजावी लागते: काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटरच जातो, म्हणून वारंवार संवाद करणाऱ्या सेवा शक्यतो एकाच ठिकाणी ठेवतात.

दोन शहरांमधील माहिती परक्या केबलमधून जात असल्याने ती कूटबद्ध, म्हणजे किल्लीवाचून न उलगडणारी, करावी लागते; पण खरा प्रश्न ओळखीचा आहे. मालमत्ता कराची सेवा एका क्लस्टरमध्ये आणि पैसे स्वीकारणारी सेवा दुसऱ्यात असेल, तर परस्पर टीएलएस या पद्धतीत दोघींनाही आपापले डिजिटल प्रमाणपत्र दाखवावे लागते. ही प्रमाणपत्रे देणारी यंत्रणा प्रत्येक क्लस्टरमध्ये वेगळी असली, तरी दोन्ही यंत्रणांना एकाच मूळ प्राधिकरणाची मान्यता असली की परस्परांची ओळख पटते. इस्टिओ आणि लिंकरडी या प्रचलित प्रणालींत सेवांच्या प्रमाणपत्रांची मुदत सामान्यतः २४ तासांचीच असते, त्यामुळे चोरीला गेलेले प्रमाणपत्र फार काळ उपयोगी पडत नाही. क्लस्टरच्या सीमेवरील गेटवे, म्हणजे येणारी वाहतूक योग्य सेवेकडे वळवणारा सर्व्हर, कूटबद्ध मजकूर न उघडताच पुढे पाठवू शकतो.

मात्र ओळख पटणे म्हणजे परवानगी मिळणे नव्हे. नव्याने जोडलेल्या सेवेला आरंभी कोणताही अधिकार नसावा आणि प्रत्येक अधिकार स्वतंत्रपणे, गरजेपुरताच द्यावा, हा नियम नागरिकांचा पैसा आणि नोंदी हाताळणाऱ्या प्रत्येक संस्थेने जोडणीच्या पहिल्याच दिवशी लागू केला पाहिजे.