अर्ज मंजूर होईपर्यंत जगावयाचे कसे?

सरकारी कामाला वेळ लागावयाचाच, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तक्रार करणाराच आपणांस भाबडा वाटतो. परवाना उशिरा मिळाला तर गैरसोय होते. परंतु अपंगाचे निर्वाहाचे अनुदान उशिरा मंजूर झाले, तर मधल्या काळात त्याने खावे काय, हा प्रश्न गैरसोयीच्या सदरात बसत नाही.

परवा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई आमच्याकडे आली होती. अर्धांगवायूने मुलाचे एक अंग निकामी झाले आहे. अर्ज करून अकरा महिने झाले. कागदांची पिशवी पुढे ठेवून ती म्हणाली, "सर, नाही म्हणाले असते तरी चालले असते. निदान दुसरीकडे हात पसरला असता." या वाक्याला उत्तर देणे आम्हांस जमले नाही.

कायदा अनुदार आहे असे नव्हे. १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या अधिनियमाने ते एकवीस केले. संजय गांधी निराधार अनुदान योजना तर १९८० पासून चालू आहे, आणि तिच्यातील दिव्यांगांचे अनुदान २०२५ साली दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये झाले. या वाढीचे आम्ही स्वागतच करतो. परंतु अनुदानाची रक्कम वाढली म्हणून ते हाती पडण्यास लागणारा वेळ कमी होत नाही. आधी रुग्णालयातील तपासणी आणि प्रमाणपत्र, मग उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला, मग तहसील कचेरीतील छाननी व समितीची मंजुरी, असा हा प्रवास आहे. एका टप्प्यावर कागद रेंगाळला की, दुसऱ्या टप्प्यासाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, आणि खेटे पुन्हा सुरू होतात. 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. खेटे मात्र तेच राहिले.

प्रमाणपत्र अर्जापासून एका महिन्यात द्यावे, असे २०१७ च्या नियमांत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या एका महिन्याचे तीन महिने करण्यात आले. इतकेच नव्हे, तर दोन वर्षांहून अधिक काळ निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय ठरतो आणि अर्जदारास पुन्हा खटपट करावी लागते. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. उत्तरपत्रिका तपासण्यास शिक्षकाने विलंब केला म्हणून विद्यार्थ्यास पुन्हा परीक्षेस बसविल्याचे आम्हांस स्मरत नाही!

कोणी म्हणेल की, खोटी प्रमाणपत्रे मिळविणारे लोकही आहेत, तेव्हा चौकशी नको काय? अवश्य हवी. खोट्या अपंगाला मिळालेला पैसा हा खऱ्या अपंगाच्या तोंडचा घास असतो. परंतु अर्जाची तपासणी होण्यात गेलेला वेळ निराळा आणि अर्ज नुसता पडून राहण्यात गेलेला वेळ निराळा. पडून राहिलेला अर्ज अधिक खरा ठरत नाही. अर्जदार तेवढा अधिक कर्जबाजारी होतो.

राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने, ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, हे तत्त्व मान्य केले आहे. ते येथे शब्दशः लागू व्हावे. कागद कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे, हे अर्जदारास कळावे. नकार द्यावयाचा असेल, तर तोही वेळेत आणि कारणांसह लेखी द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मंजुरी केव्हाही मिळो, अनुदान अर्जाच्या तारखेपासून मोजले जावे. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता उशिरा जाहीर झाला, तरी मागील तारखेपासून थकबाकीसह मिळतो. आणि ते योग्यच आहे. मग हाच न्याय अपंगास का नसावा? आजच्या दराने अकरा महिन्यांचे २७,५०० रुपये होतात. सरकारच्या हिशेबात ही रक्कम क्षुल्लक असेल. त्या माउलीच्या घरात ते वर्षभराचे धान्य आणि औषध आहे. विलंबाचा भार सरकारी खजिन्यावर पडू लागला, तर कागद आपोआप हलू लागतील, असा आमचा विश्वास आहे.